हापशीवरचे अडीच वेढे

१

तुळसाबाई मेली तेव्हा चुलीवरचा भात अर्धा कच्चा होता.

पुढे सगळं त्या भातावरच येऊन ठेपलं, पण त्या मंगळवारी सकाळी भाताकडे पाहायला कोणाला सवड होती? सन दोन हजार आठचा मे महिना. दहा वाजताच मध्य प्रदेशातल्या बालाघाटचं ऊन अंगावर आलेलं. गुणाकर बाबूच्या अंगणात, हापशीच्या ओल्या ओट्यावर त्याची आई पडली होती. पितळेची कळशी गडगडत भिंतीला जाऊन टेकली होती. म्हातारीच्या उजव्या तळहातावर काळा पट्टा उमटला होता, हापशीच्या दांड्याएवढाच रुंद.

चूल होती इंडक्शनची. सिलेंडरचा नंबर महिना महिना लागत नव्हता, म्हणून गुणाकरने दिवाळीत नागपूरहून आणलेली. काचेची काळी पाटी, जाळ नाही की धूर नाही. तुळसाबाई तिला ‘बिनविस्तवाची’ म्हणायची आणि तिला बोट लावायची नाही. तिची स्वतःची सिगडी अंगणात वेगळी होती. त्या चुलीपायी सासूसुनेचं रोज वाजायचं आणि गल्ली ते रोज ऐकायची.

आठ दिवसांपासून चूल बिघडली होती. चालता चालता टीं टीं ओरडायची, आकड्यांच्या खिडकीत ‘ई-४’ उमटायचं आणि बंद पडायची. सोमवारी संध्याकाळी नथ्थू मिस्त्रीने येऊन ती खोलली. मंगळवारी दहाला सून प्रमोदिनी चुलीपाशी उभी असताना चूल पुन्हा ओरडली, आणि त्याच क्षणी बाहेर कळशी पडली.

गल्लीला एवढं पुरलं. स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणी हापशीच्या ओट्याकडेच वाहत जातं. नथ्थूने चूल बिघडवून ठेवली आणि करंट पाण्यावाटे बाहेर गेला, असं निम्म्या लोकांचं म्हणणं. उरलेले निम्मे बोलत नव्हते, नुसते सुनेकडे पाहत होते.

मंगळवारी संध्याकाळी चितेवर लाकडं रचली जात होती, तेव्हाच पोलीस नथ्थूला घेऊन गेले.

बुधवारी सकाळी नथ्थूची बायको संघमित्रा शालिकरामच्या दारात उभी होती. शालिकराम म्हणजे रिटायर झालेला लाइनमन. एकतीस वर्षं खांबांवर काढलेली, डाव्या हाताची दोन बोटं एका खांबावर गमावलेली. धोक्याच्या पाटीवरची अक्षरं तो पंचेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकला. तोवर कवटीच्या चित्रावर भागवलं.

“काकाजी, उद्या अकराले कोर्टात नेतीन म्हणते,” ती म्हणाली. डोळे कोरडे होते, रात्रभर उघडे राहिलेले. “वकील म्हणते, एकडाव आत गेला तं दोन वर्षं बाहेर येत नाई. तुमाले तारा समजते. माह्या नवऱ्यानं बुढीले मारलं काय, एवढंच सांगा. मारलं असन तं मी घरी जातो.”

२

ठाणेदार चंद्रशेखर साहेब सभ्य माणूस होता. त्याने शालिकरामला बसायला स्टूल दिलं.

“शालिकराम जी, केस साफ है,” तो म्हणाला. “रात को इसने चूल्हा खोला, सुबह औरत मर गई. आप बीच में मत पड़िए.”

नथ्थू भिंतीला टेकून बसला होता. ओठ सुजला होता. कोणी सुजवला हे शालिकरामने विचारलं नाही.

“चुलीत काय होतं गा?”

“काईच नोतं काकाजी. मी खोलली, पुसली, बंद केली. मंग बोर्डात मीटर लावलं तं काटा तीनशे दहावर. दोनशे तीस पाहिजे तिथं तीनशे दहा! चूल कायले चालीन? मी बाबूले सांगतलं, हे चुलीचं दुखणं नाई, खांबावरचं आहे. चूल तं बिचारी सोताले वाचवून राह्यली.”

“लाइनमनले सांगतलं कोणी?”

“बाबू आठ दिवसांपासून तक्रार करून राह्यला.” नथ्थूने मान वळवली. “माहं कोण ऐकते? सायबानं विचारलं, किती शिकला. म्हणलं, आठवी. म्हणते, तेच तो.”

शालिकराम उठला. तीनशे दहा हा आकडा त्याला ओळखीचा होता. मोहल्ल्याला करंट तीन तारा आणतात आणि परत नेणारी चौथी तार एकच असते, तिला न्यूट्रल म्हणतात. ती तुटली की करंटला परतीची वाट राहत नाही. मग घरं एकमेकांतून करंट ओढू लागतात. ज्याच्याकडे ओझं जास्त त्याचे दिवे मंद होतात, ज्याच्याकडे कमी त्याचे भडकतात.

पण यात एक गोष्ट बसत नव्हती. न्यूट्रल तुटल्याने चूल ओरडेल, बल्ब उडतील, टीव्ही जळेल. अंगणातल्या लोखंडी हापशीत करंट कसा येईल?

३

गुणाकर ओसरीवर मुंडण करून बसला होता. शालिकराम त्याच्याजवळ बसला. मंगळवारी सकाळी सातपासून गुणाकर सिलेंडरच्या रांगेत होता. शंभर लोकांनी पाहिला होता.

“आई हाक मारत असेल, अन् मी तिथं टोकन धरून उभा,” तो म्हणाला. कचेरीत बोलायची त्याची सवय, त्याची मराठी नीटस होती. आत बायकोच्या बांगड्यांचा आवाज झाला तसं त्याने तोंड फिरवलं.

शालिकराम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. चुलीवर ते भाताचं पातेलं तसंच होतं, आंबूस वास सुटलेला.

“फेकलं नाई, माय?”

“पोलीस म्हणे हात लावू नका.” प्रमोदिनीचा आवाज बसला होता. “तुम्ही बी पाहाले आले काय, सासूले मारणारी कशी दिसते ते?”

“मी चूल पाहाले आलो.”

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग बाजूला झाली.

“सुतकात चूल पेटवत नाही म्हणते,” ती म्हणाली. “हे पेटत कुठं? लावा.”

पातेलं उतरवून त्याने दुसऱ्यात पाणी ठेवलं आणि बटण दाबलं. चूल दहा श्वासांइतकी चालली आणि ओरडली. ई-४. मग त्याने थैलीतून लाइनमनचा दिवा काढला, दोन बल्ब मागेपुढे जोडलेला. बोर्डात लावताच दोन्ही बल्ब लख्ख झाले. सरळ लाइनवर ते मिणमिणायला हवेत. नथ्थूचा काटा खरा होता.

“आठ दिवस असंच?”

“हौ. एक दिवस बी भात पुरा झाला नाई. अंगणवाडीत जायची घाई, अन् आई म्हणत, माह्या सिगडीवर टाक, तुह्या बिनविस्तवाचीले वाहून दे नाल्यात.” तिने पदर खोचला. “फक्त मंगळवारी गुमान चालली. आठपासून. दूध तापलं, वरण झालं. म्या म्हणलं, नथ्थूनं सुधरवली. भात टाकला, अन् दहाले टीं टीं…”

“थांब. आठपासून दहापर्यंत चूल चांगली चालली?”

“चांगली.”

“अन् तू तितं अशीच उभी? अनवाणी? जमीन ओली?”

“मोरी तं इथंच आहे. ओलीच असते.”

“तुले झटका?”

“मुंगी बी नाई चावली.”

शालिकरामने ओल्या फरशीकडे पाहिलं. करंट चुलीतून पाण्यात उतरला असता तर आधी हीच पडली असती. तो पाण्यावाटे इकडून तिकडे गेलाच नव्हता. तो तिकडेच होता. आणि नथ्थूने चूल सोमवारी सुधारली असती, तर ती सोमवारी संध्याकाळपासून चालायला हवी होती, मंगळवारी आठपासून नाही. मंगळवारी आठला कोणीतरी दुसरंच काही सुधारलं होतं, आणि मंगळवारी दहानंतर ते कोणीतरी काढून नेलं होतं.

“आठले घरी कोण आलतं?”

“कोणी नाई. आई अंगणात बोलून राह्यल्या होत्या कोणासंग. म्या म्हणलं भाजीवाली असन. इकडची खिडकी मागं उघडते, दिसत नाई.”

अंगणात हापशी कंपाउंडच्या भिंतीला लागून होती. भिंतीच्या पलीकडे, हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर, विजेचा खांब. भिंतीवर काचेचा एक गिलास ठेवलेला, तळाशी चहापत्ती वाळून चिकटलेली.

“माय, तुही सासू चहा पेत होती?”

दारातून उत्तर आलं, “बाबा गेल्यापासून सोडला होता. चौदा वर्षं झाली. पण कामावर आलेल्या माणसाले चहा पाजल्याबिगर जाऊ देत नोत्या.”

शालिकराम वाकला. हापशीच्या पाइपावर, दांड्याच्या खाली, गंज घासला जाऊन तार गुंडाळल्याच्या चकचकीत रेघा उमटल्या होत्या. एक वेढा, दुसरा वेढा, आणि तिसरा अर्धाच. जिथे अर्धा संपत होता तिथे पक्कडीने दाबल्याची खोल खूण, आतल्या अंगाला.

तो ताठ झाला. हात नकळत मागे गेला, जणू हापशी अजून जिवंत होती.

“काय दिसलं?” गुणाकरने ओसरीवरून विचारलं.

“गंज,” शालिकराम म्हणाला.

४

पुनारामची पिठाची चक्की चार घरं सोडून होती. चक्की चालू नव्हती आणि आत एकच बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लाल होता.

“पाहा, बाप्पा, पाहा,” पुनाराम म्हणाला. “तिकडं बाबूच्या घरी बल्ब फटाफट उडून राह्यले, अन् माह्या इथं मोटर उठत नाई. आठ दिवस बंद. लोकं म्हणते, पुनाराम, तुह्या चक्कीपेक्षा जातं बरं.”

“मंगळवारी चालू केलती?”

पुनारामने पिठाचे हात धोतराला पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिला.

“केलती. एकच डाव. बटण दाबलं, मोटर गुरगुरली, अन् तिकडून बोंब आली. बंद केली तं आजवर हात नाई लावला.”

“किती वाजता?”

“दहा.”

“लाइन आठ दिवस मेली होती. दहाले बटण दाबाचं तुले कसं सुचलं?”

“सुधरली म्हणे.”

“कोण म्हणे?”

पुनाराम बाहेर रस्त्याकडे पाहू लागला. “तुम्ही त्याच्याच खात्यातले, शालिकरामभाऊ. तुमाले काय सांगू?”

शालिकराम चक्कीच्या ओट्यावर बसला. आता सगळं बसत होतं. तुटलेली न्यूट्रल कोणीतरी तारेने हापशीला बांधली. जमिनीत खोल गेलेला पाइप परतीची वाट झाला. व्होल्टेज जागेवर आलं, चूल चालू लागली. साध्या ओझ्याला ती वाट पुरते. पण चक्कीची मोटर उठताना सात-आठ घरांचा करंट एकदम ओढते. तेवढा पाइपातून जमिनीत मावला नाही. हापशी तापल्या तव्यासारखी झाली, आणि त्याच क्षणी तुळसाबाईचा हात दांड्यावर होता. चूल ओरडली ती म्हणूनच. तिने मारलं नव्हतं. घरातली एकटी तीच खरं बोलली होती, आणि सगळ्यांनी तिलाच गुन्हेगार धरलं.

“आपला लाइनमन मोतीलाल मंगळवारी लालबर्ऱ्याकडे होता म्हणते,” शालिकराम म्हणाला. “मौतीचं ऐकून आला.”

पुनारामने हळूच मान हलवली. नाही.

५

मोतीलाल हाकेसरशी शालिकरामच्या घरी आला. चाळिशी ओलांडलेला लाइनमन, वीस वर्षांपूर्वी शालिकरामच्या हाताखाली शिडी धरायला लागला होता. आजही रस्त्यात भेटला तर सायकलवरून उतरायचा.

“वस्ताद, बोलावलं?”

“हे कपडे वाळवायची तार खांबाले बांधून दे गा. माही बोटं आता वळत नाई.”

मोतीलालने ॲल्युमिनियमची तार घेतली. खांबाभोवती एक वेढा, दुसरा वेढा, मग अर्धा. उरलेलं टोक पक्कडीने आत वळवून दाबलं. बोलता बोलता त्याने ते केलं. ज्युनियर इंजिनिअर साहेबाला शिव्या देत होता, उन्हाला शिव्या देत होता.

“शेपूट आत काहून घेतली?” शालिकरामने विचारलं.

मोतीलाल हसला. “तुम्हीच तं शिकवलं, वस्ताद. बाहेर राह्यली तं बायांचं लुगडं अटकते.”

“हौ. अन् हापशीवर?”

मोतीलालच्या हातातली पक्कड पडली नाही. त्याने ती हळूच जमिनीवर ठेवली आणि तिच्याशेजारी तोही बसला.

“ट्रान्सफार्मरपाशी न्यूट्रल जळाली,” तो म्हणाला. “आठ दिवस तार मागून राह्यलो. स्टोरमंदी तार नाई म्हणे, मैनेज करो. तुमी बी मैनेजच करत होते ना, वस्ताद? हापशीले बांधाचं, तार आली की सोडाचं. तुमीच दाखवलं मले.”

“मीच दाखवलं.”

“मंगळवारी सकाळी बुढीनं पाहिलं मले खांबापाशी. म्हणे, ये बाबा, चहा घे. सिगडीवर केला. म्हणे, ते बिनविस्तवाची मले पटत नाई, पण सून मोरीपाशी उभी राहून रडते, तोंडाले पदर लावून, मले ऐकू नाई गेलं पाहिजे म्हणून. सुधरवून दे बाबा, माहं नाव नको सांगू.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “म्या बांधली. बुढीले म्हणलं, हापशीले हात लावू नका, दोन दिवस नळाचं पाणी घ्या. हौ म्हणाली. सवय हो, वस्ताद. सवयीनं गेली असन कळशी घेऊन.”

“अन् पुनारामले तूच सांगतलं, चालू कर.”

“लाइन सुधरली वाटलं. तो आठ दिवस बसून होता.” त्याने पक्कड उचलून पुन्हा ठेवली. “बोंब आयकून धावलो. लोकं तिच्याकडे पाहून राह्यले होते. म्या पहिले खांबाकडून तार सोडली, मंग हापशीकडून. थैलीत टाकली.”

“अन् नथ्थू?”

“म्या त्याचं नाव नाई घेतलं.”

“दुसऱ्या कोणाचं बी नाई घेतलं.”

मोतीलालने मान खाली घातली. शालिकरामने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. एक्याण्णव साली लामत्याच्या लाइनवर तो चिकटला तेव्हा याच मोतीलालने सुक्या बांबूने त्याला खांबावरून ओढला होता. बोटं गेली, जीव राहिला. मोतीलालने त्याची आठवण कधी काढली नाही, आणि आताही काढत नव्हता. काढली असती तर शालिकरामला सोपं गेलं असतं.

“मी ठाण्यात जाऊन राह्यलो,” तो म्हणाला. “तू माह्यासंग यायचं का नाई, ते तू ठरव.”

चपला घालून तो निघाला. गल्लीच्या वळणावर मागून सायकलचा आवाज आला. मोतीलाल सायकल हातात धरून चालत येत होता.

६

जबाब शालिकरामने स्वतः लिहिला. ठाण्याचा मुन्शी लिहून देतो म्हणाला, याने नाही म्हटलं. अक्षरं मोठी होती, जागा फार लागली, दोन कागद भरले. ठाणेदाराने वाचायला घेतलं. त्याला लिहिलेली मराठी उमगायची नाही, नागपूरकडचा एक शिपाई वाचून सांगत होता.

“सब ठीक है,” ठाणेदार म्हणाला. “मगर इसमें आपने अपना नाम क्यों लिखा? मोतीलाल ने बाँधा, मोतीलाल ने खोला. आप तो घर पर थे.”

“गाठ माही आहे, साहेब.”

“कानून में इसका कुछ नहीं होता.”

“मंग कायद्याच्या बाहेर लिहिलं समजा. पण राहू द्या.”

नथ्थूला अंधार पडायच्या आत सोडलं. तो संघमित्रासोबत ठाण्याच्या पायऱ्या उतरला, शालिकरामसमोर थांबला, नमस्कार केला नाही. “काकाजी, माह्या सुजल्या ओठाचं कोण लिहीन?” एवढंच विचारलं.

गुरुवारी सकाळी विजेच्या हापिसातून गाडी आली. आठ दिवस नसलेली न्यूट्रलची तार दोन तासांत खांबावर चढली. पुनारामचा बल्ब पांढरा झाला.

प्रमोदिनीला शालिकरामने म्हातारीचं ते बोलणं सांगितलं, मोतीलालने सांगितलं तसं, शब्द न गाळता. गुणाकर तिथेच बसला होता. प्रमोदिनी उठून अंगणात गेली आणि सासूची सिगडी पदराने पुसू लागली. राख आधीच काढलेली होती, तरी पुसत राहिली. थोड्या वेळाने गुणाकर उठला आणि तिच्याजवळ जाऊन बसला.

शालिकराम घरी आला, पण घरात बसवेना. एकतीस वर्षांत आपण अशा किती हापशा बांधल्या, ते तो मोजू लागला. लालबर्ऱ्याच्या बाजूला तीन. बिरशाकडे जंगलात चार, तिथे तार पोचायलाच महिना लागायचा. लामत्याला एक, त्र्याऐंशीची, लग्नाच्या मांडवात अंधार झाला होता आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. इकडच्या तिकडच्या तीन धरून अकरा भरल्या. यातल्या किती नंतर स्वतः जाऊन सोडल्या? चार आठवल्या. पाचवी नक्की नव्हती.

शुक्रवारी त्याने थैलीत पक्कड टाकली, रबरी हातमोजे टाकले, अंगणातला सुका बांबू घेतला आणि पहिल्या बसने लामत्याला गेला. कंडक्टर म्हणाला, “बाबा, इस डंडे का टिकट लगेगा.” त्याने हसायला पाहिजे होतं. हसला नाही.

मांडव होता ती जागा आता शाळेचं पटांगण झाली होती. हापशी तीच. ओट्यावर तीनचार बाया, पाण्याचे पितळी गुंड रांगेत लावलेले, एक पोरगी दांड्याला लोंबकळून पाणी काढत होती. शालिकरामने लांबूनच पाहिलं. पाइपावर, दांड्याच्या खाली, काळवंडलेली तार. एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा अर्धा. शेपूट आत वळवलेली. त्या तारेचं दुसरं टोक खांबावर अजून तसंच होतं, पंचवीस वर्षं.

“थांबा, माय,” तो ओरडला. आवाज इतका मोठा निघाला की पोरगी दांडा सोडून मागे सरली. “त्याले कोणी हात लावू नका. ते मी बांधलं आहे.”